तहसीलदार दिवसभर काय करतो?

पुण्यात सदाशिव पेठेत भाड्याने खोली मिळत नाही, कॉट मिळते. 'कॉट बेसिस' असा बोर्ड इथे दर दोन घरांआड दिसतो. एक लोखंडी कॉट, तिच्याखाली बॅग, उशाशी भिंतीला चिकटवलेला महाराष्ट्राचा नकाशा, आणि खोलीत असलेल्या दोन सॉकेटवरून रोजची वादावादी. आमच्या माडीवरही अशाच कॉट आहेत. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला मुलं बीडहून येतात, हिंगोलीहून येतात, चंदगडहून येतात. सकाळी अभ्यासिकेतली जागा धरायची, दुपारी मेसचा डबा, परत अभ्यासिका, रात्री टिळक रोडच्या टपरीवर चहा आणि 'यंदा जागा किती निघणार' यावर चर्चासत्र. मी त्यांची काकू. पाणी गेलं की काकू, फ्यूज उडाला की काकू, निकाल लागला की आधी घरी फोन आणि मग काकू. निकाल लागला नाही की कोणीच नाही. तेव्हा जिना हळू चढतात, मला पावलांवरून कळतं.

या मुलांना ध्येय काय असं विचारावं लागत नाही. ते भिंतीवर लिहिलेलं असतं, जाड स्केचपेनने. एका भिंतीवर 'उपजिल्हाधिकारी २०१९' असं होतं. मग एकोणीसवर काट मारून वीस झालं. कोरोनाच्या काळात परीक्षा एकामागून एक पुढे गेल्या तेव्हा वीसचे एकवीस झाले, आणि पुढे पुढे तर त्या पोराने सालच खोडून टाकलं, नुसतं पद ठेवलं. खोली रंगवायला काढली तेव्हा रंगाऱ्याला मी ती भिंत शेवटी घ्यायला सांगितली. का, ते मलाही धड सांगता येणार नाही.

एकदा संध्याकाळी जिन्यात चार-पाच जण चहा पीत बसले होते. मी सहज विचारलं, "काय रे, तहसीलदार दिवसभर काय करतो?"

सगळे थांबले. एक म्हणाला, "महसूल गोळा करतो." दुसरा म्हणाला, "तालुक्याचं प्रशासन बघतो." हे पुस्तकातलं उत्तर, ते त्यांना झोपेतही येतं. मी म्हटलं, तसं नाही, सकाळी दहाला ऑफिसात आला, पुढे काय? खुर्चीवर बसल्यावर हातात पहिलं काय घेतो? कोणाशी बोलतो? जेवतो कधी? यावर तिसरा, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, "सही करतो, काकू. त्याच्या सहीला किंमत असते."

सगळे हसले. मीही हसले. पण उत्तर खरं होतं आणि ते मला बरेच दिवस पुरलं. या मुलांना सातवाहनांची वंशावळ येते, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीतली कलमं येतात, कोणत्या नदीवर कुठलं धरण ते येतं. पण ज्या खुर्चीसाठी पंचविशी घालवायची त्या खुर्चीतला दिवस त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. तहसील कचेरी त्यांनी पाहिली होती ती खिडकीच्या बाहेरून, उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभं राहून.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना हाच प्रश्न विचारला तेव्हा ते तासभर बोलत होते. दालनाबाहेरच्या बाकावर साडेनऊपासून माणसं. दोन सख्ख्या भावांत शेतरस्त्यावरून भांडण, एकाने वाटेत काट्या टाकल्यात, दुसऱ्याचा उसाचा ट्रॅक्टर अडून पडलाय. अर्ज, नोटीस, मग स्थळपाहणी. ऊन असो, चिखल असो, बांधावर जाऊन उभं राहायचं. दोघांचं ऐकायचं, मग दोघांच्या बायकांचं ऐकायचं, मग गावातला जो म्हातारा काहीच बोलत नाही त्याला बाजूला घेऊन विचारायचं. सातबारावरची नावाची चूक दुरुस्त करायची. गारपीट झाली की पंचनामे. मंत्री आले की हेलिपॅड. निवडणूक लागली की दोन महिने घर नाही. रात्री दीडला वाळूच्या गाड्या पकडायला जायचं आणि सकाळी दहाला परत बाकावरची माणसं.

"कंटाळा नाही यायचा?" मी विचारलं.

"हेलिपॅडचा यायचा," भाऊजी म्हणाले. "पण वहिनी, भांडणाऱ्या माणसांचा मला कधी कंटाळा आला नाही. दोघंही खोटं बोलत असायचे आणि तरी दोघांचंही थोडं थोडं खरं असायचं. ते थोडं थोडं शोधायला मजा यायची."

ही मजा हीच सगळी गोष्ट आहे, असं मला वाटतं. भाऊजी लहानपणी काही 'मी तहसीलदार होणार' म्हणत नव्हते. ते शाळेत असताना वाड्यातल्या नळावरची भांडणं जिन्यावर बसून ऐकत, आणि सासूबाई त्यांना 'पंच' म्हणत. त्यांच्याच बरोबर लागलेले एक साहेब होते, भाऊजींपेक्षा कितीतरी हुशार. फाईलवर त्यांची टिपणी वाचावी अशी असे. पण सुनावणीच्या दिवशी त्यांचं पोट बिघडे. समोर माणसं मोठ्याने बोलायला लागली की त्यांना बसवत नसे. दोघांची एकच परीक्षा, एकच पद, एकच पगार. एक जण निवृत्तीनंतरही गावात कोणाचं वाटप असलं की हौसेने जाऊन बसतो, दुसऱ्यांनी नोकरी काढली म्हणायची, इतकंच.

पद दोघांनाही मिळालं होतं. ध्येय गाठलं का, असं विचारलं तर दोघांचंही उत्तर हो. म्हणून ध्येय गाठलं की नाही हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. आपण ध्येय ठरवतो ते पदाच्या नावाने, आणि जगतो ते त्या पदातली कामं करत. नावाशी स्वभावाची गाठ पडतच नाही. ती पडते बाकावरच्या माणसांशी, रात्रीच्या वाळूच्या गाड्यांशी, टिपणीतल्या वाक्याशी.

आता स्वभाव म्हणजे आवड, असं बहुतेक जण धरून चालतात. पोराला क्रिकेट आवडतं, मुलीला चित्रं काढायला आवडतात, मग त्यातच 'करिअर' करा. यावर जे व्हिडिओ निघतात ते ही मुलं रात्री बघतात आणि सकाळी उठून परत चालू घडामोडी पाठ करतात. माझं मत वेगळं आहे. स्वभाव विषयात कमी आणि काम करण्याच्या रीतीत जास्त असतो. हे मला कोणा गुरूने शिकवलं नाही, ग्रंथालयाच्या कपाटांनी शिकवलं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तिथे धर्मानंद कोसंबी आणि दामोदर कोसंबी या बापलेकांची पुस्तकं कधी शेजारी यायची नाहीत. ग्रंथालयात पुस्तकांना विषयावरून आकडे देतात, त्या दशांश वर्गीकरणात बौद्ध धर्म २९४.३ वर, प्राचीन भारताचा इतिहास ९३४ वर. बाप एका दालनात, लेक दुसऱ्या. आणि मधे कुठेतरी ५१० वर गणित, जो दामोदर कोसंबींचा खरा धंदा. पुस्तकं जागेवर लावताना मला नेहमी वाटायचं की या माणसाला आपण तिसरीकडेच ठेवायला हवं होतं, पण तसा आकडा नाही.

दामोदर कोसंबींचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. शिक्षण हार्वर्डला, मग बनारस, अलीगढ, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवणं, आणि १९४५-४६ च्या सुमारापासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. राहायचे पुण्यात भांडारकर रस्त्यावर, डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. या गणितज्ञाने प्राचीन नाण्यांत हात घातला. तक्षशिलेच्या खजिन्यातली आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली चांदीची नाणी, त्यांनी बारीक तराजूवर एकेक करून तोलली. हजारोंनी. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं, हलकं होतं. आणि त्याच्या मागच्या बाजूला नंतर मारलेल्या बारीक खुणा जितक्या जास्त, तितकं ते जास्त फिरलेलं, म्हणून जास्त हलकं. मग वजनावरून नाण्यांचा आगेमागे क्रम लावता येतो, आणि क्रम लागला की ती पाडणाऱ्या राजवटींचाही लावता येतो. आधी त्यांनी आपल्या काळात चालू असलेली नाणी तोलून हे तपासून पाहिलं. रुपया झिजतो तसाच कार्षापण, म्हणजे ते जुनं चांदीचं नाणंही झिजणार, एवढा साधा विचार.

पुढे ते सकाळी घरामागच्या वेताळ टेकडीवर फिरायला जात आणि येताना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं गोळा करून आणत. आजही त्या टेकडीवर पुणेकर फिरतात, पावलं मोजतात. कोसंबी खाली बघत चालायचे. वेताळ, म्हसोबा, तांदळे म्हणजे देव म्हणून पुजलेले गोटे, कुठला देव कुठल्या वाटेवर आहे, ती वाट कुठून कुठे जाते, गुरं त्या वाटेने कधी जातात, हे सगळं पायी हिंडून आणि लोकांना विचारून त्यांनी लिहिलं.

लोक म्हणतात ते गणित सोडून इतिहासाकडे वळले. मला ते वळलेले दिसतच नाहीत. मोजायचं, तोलायचं, स्वतः जाऊन बघायचं आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ही रीत गणितात होती तीच नाण्यात, तीच टेकडीवर. विषय तीन झाले, माणूस एकच राहिला. त्यांना कोणी विशीत विचारलं असतं की तुझं ध्येय काय, तर 'वेताळ टेकडीवरच्या दगडी हत्यारांचा अभ्यास' असं उत्तर काही आलं नसतं. पण त्यांच्या तऱ्हेने काम करणारा माणूस त्या टेकडीखाली राहायला आल्यावर दुसरं काय होणार होतं?

माझ्या बाबतीत हे लहान मापात झालं. मला प्राध्यापक व्हायचं होतं, मराठीची. एम.ए. झाल्यावर जागा नव्हती म्हणून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि नोकरीला लागले. नातेवाईकांत ते जरा कमीच मानलं गेलं. 'लायब्ररीत आहे' हे म्हणताना आमच्या आत्याबाई आवाज खाली आणायच्या. पण मला तिथे जाम मजा आली. एखादा विद्यार्थी यायचा, म्हणायचा, मॅडम, ते निळ्या कव्हरचं पुस्तक, त्यात शेवटी एक तक्ता आहे, नाव आठवत नाही. एवढ्यावरून शोधायचं. कोणत्या सरांनी सांगितलं, कोणत्या पेपरसाठी, गेल्या वर्षी कोणी नेलं होतं. कार्डांचा ड्रॉवर, मग दाखलनोंद रजिस्टर, मग थेट कपाट. आणि हातात पुस्तक ठेवल्यावर त्याचा चेहरा. वर्गात पन्नास जणांसमोर उभं राहून बोलण्यात मला यातलं काही मिळालं असतं असं नाही. मला सांगायला नव्हतंच काही, शोधून द्यायला होतं. ते कळायला मात्र त्या खुर्चीत बसावं लागलं. घरात डोळे मिटून 'मी कोण' असा विचार करून मला ते जन्मात कळलं नसतं.

म्हणून 'आधी स्वतःला ओळखा, मग ध्येय ठरवा' हा उपदेश मला उलटा वाटतो. ओळख कामाला हात लावल्यावर होते. त्याआधी असतो तो अंदाज, आणि तोही बहुतेक वेळा शेजाऱ्याने केलेला.

पण स्वभाव सापडला म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. इथे मला बापाकडे यावं लागतं.

धर्मानंद कोसंबी १८७६ चे, गोव्यातल्या साखवाळचे. शिक्षण धड झालेलं नाही, घरची माडाची बाग, लहान वयात लग्न. मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचनात आलं आणि या माणसाने ठरवलं की बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा. संस्कृत येत नाही, पाली कशाशी खातात ठाऊक नाही, हातात पैसा नाही. १८९९ च्या अखेरीला घर सोडलं. पुणे, मग ग्वाल्हेर, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, तिथून नेपाळ, तिथे निराशा, मग बोधगया, आणि शेवटी सिलोन. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे बौद्ध विद्यालयात, पाली शिकायला बसले. पुढे ब्रह्मदेशही झाला. घरी परत तोंड दाखवलं ते सहा-सात वर्षांनी. हे सगळं त्यांनी 'निवेदन' या आत्मचरित्रात अगदी कोरड्या, सरळ मराठीत लिहिलंय. १९२४ साली ते पुस्तकरूपात आलं. ध्येयावरच्या व्याख्यानांपेक्षा ते वाचलेलं बरं, कारण त्यात ध्येयाबरोबर पोटाचे हाल, ताप, तिकिटाच्या पैशांची चिंता हे सगळं आहे.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रसंग प्रवासातला नाही, पगाराचा आहे. कलकत्त्यात पाली शिकवण्याची चांगली सोय झाली होती. त्याच सुमाराला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून सूचना आली: महाराष्ट्रात कुठेही राहा, पुस्तकं लिहा, महिना पन्नास रुपये मिळतील. कलकत्त्याचा पगार पन्नासच्या पुष्कळ वर होता. कोसंबींनी पन्नास घेतले. शिकलेलं आपल्या मुलखात, आपल्या भाषेतल्या माणसांपर्यंत न्यायचं, यासाठीच तर सगळी वणवण होती. हार्वर्डला बोलावलं, गेले, काम केलं, परत आले. १९१२ पासून काही वर्षं आमच्या फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. लेनिनग्राडलाही जाऊन आले. पुढे मुंबईत परळला, गिरणगावात, बहुजन विहार उभा केला. हिंडणं जगभर, पण येण्याची जागा ठरलेली.

कशासाठी करायचं हे ज्याचं पक्कं आहे त्याला पन्नास आणि त्याहून मोठा आकडा यांत निवड करताना फार वेळ लागत नाही. आपल्याला लागतो, कारण आपल्याकडे फक्त आकडेच असतात.

इथवर ठीक. आता दुसरी बाजू, जी मला टाळता येत नाही. १८९९ साली ते घर सोडून गेले तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. त्या वर्षांत बाळाबाईंना कोणी 'तुमचं ध्येय काय, तुमचा स्वभाव काय म्हणतो' असं विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी वाट पाहिली. थोर माणसाच्या चरित्रात हे वाक्य एका ओळीत येतं, आणि जगायला मात्र ते दर दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत जगावं लागतं. कोसंबींचं काम मला मोठं वाटतं आणि बाळाबाईंचा हिशेब मला चुकता झालेला वाटत नाही. या दोन्ही गोष्टी मी एकदम मनात ठेवते. आपल्या स्वभावाप्रमाणे जगायला निघालेल्या माणसाचं बिल बऱ्याचदा दुसऱ्याच्या पत्त्यावर जातं. आमच्या माडीवरच्या मुलांचंही जातं. कोणाच्या बहिणीचं कॉलेज थांबलेलं असतं, कोणाच्या वडिलांनी म्हैस विकलेली असते. आणि ती मुलं तर स्वभावाच्याही मागे लागलेली नाहीत, पदाच्या मागे आहेत.

पण त्यांना तुच्छ लेखणाऱ्यांत मी नाही. 'ही पोरं उगाच सरकारी नोकरीच्या मागे' असं म्हणणारे बहुधा ज्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे असे असतात. गावात पीएसआय झालेल्या पोराची मिरवणूक मी पाहिली आहे. चौकात फ्लेक्स, जेसीबीतून गुलाल, आणि पुढे फेटा बांधलेली आई, जी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. त्या दिवशी पाटलांच्या घरातल्या बाया तिला ओवाळतात. तिला तुम्ही काय सांगणार, की बाई, तुझ्या मुलाचा स्वभाव पोलिसाचा नाही?

ज्ञानेश्वरांनी तिसऱ्या अध्यायात स्वधर्माविषयी सांगताना विचारलंय की लोकांचे चुनेगच्ची वाडे देखणे दिसले म्हणून आपली गवताची झोपडी मोडायची का. दृष्टांत सुंदरच आहे. पण ज्याची झोपडी गळते त्याने हा प्रश्न ऐकला तर तो काय म्हणेल, हेही मनात येतं. आणि स्वधर्म हा कित्येक शतकं माणसाच्या स्वभावावरून ठरलाच नाही, जन्मावरून ठरला. चांभाराच्या मुलाचा स्वभाव कोणी तपासला नव्हता. त्या मुलाच्या पणतूने आज भिंतीवर 'उपजिल्हाधिकारी' लिहिलं तर त्यात नुसती खुर्चीची हाव नाही, जुना हिशेबही आहे. परीक्षेत जात सांगावी लागते पण पेपर तरी सगळ्यांना एकच असतो, असं मला एका मुलाने सांगितलं होतं. त्याच्यापुढे 'मनाचा आवाज ऐका' वगैरे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

तरीही स्वभाव ही पोट भरलेल्यांची चैन आहे, हे मला मान्य नाही, आणि याचं कारण दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. शाळा प्राथमिकपर्यंतच, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ च्या सुमाराला भाताच्या उभ्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, परत निवडल्या, परत लावल्या. असं काही वर्षं केल्यावर जो बारीक, चवीचा तांदूळ तयार झाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' नाव पडलं. आज तुमच्या वाण्याकडे एचएमटी मागा, मिळतो. पुढेही त्यांनी आणखी वाण काढले. पुरस्कार मिळाले, पण पैसा मिळाला तो बहुतांश दुसऱ्यांना. २०१८ साली ते गेले तेव्हाही परिस्थिती ओढगस्तीचीच होती.

भाताच्या बांधीत कापणीला किती जण वाकलेले असतात! लोंब्या सगळ्यांनाच दिसतात. एकालाच थांबावंसं वाटलं. ते थांबणं गरिबीने त्यांच्याकडून काढून घेतलं नाही, आणि त्या थांबण्याने गरिबीही हटवली नाही. स्वभावाप्रमाणे वागा म्हणजे यश आपोआप येईल, असं छातीठोक सांगणाऱ्या वक्त्यांना मी खोब्रागड्यांचं नाव सांगते. मग ते विषय बदलतात.

एवढं सगळं झाल्यावर माडीवर काय सांगते? फार काही नाही. कोणी आपणहून विचारलं तरच सांगते. एक म्हणजे, सुट्टीत गावी जाल तेव्हा एक दिवस तहसील कचेरीत बाकावर जाऊन बसा. दाखला नको, काम नको, नुसतं बसा, आणि साहेबांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बारा वाजेपर्यंत तुम्हाला पळून जावंसं वाटतं का? दुसरं म्हणजे, कशात रमता हे बघू नका, रमायला सगळ्यांनाच जमतं. कुठलं कंटाळवाणं काम तुम्हाला इतरांपेक्षा कमी कंटाळवाणं वाटतं ते बघा. नाणी तोलणं हे जगातल्या निरस कामांपैकी एक असणार. आमच्याकडे एक मुलगा होता, नगर जिल्ह्यातला, त्याची पुस्तकं कायम नवी कोरी आणि स्क्रू-ड्रायव्हर झिजलेला. पाण्याची मोटर, मिक्सर, गल्लीतल्या आजींचा रेडिओ, सगळं त्याच्याकडे. पडेल ती लिपिकाची परीक्षा देऊन तो मंत्रालयात लागला. परवा फोन आला, "काकू, आख्ख्या मजल्याचे प्रिंटर माझ्याकडेच येतात." मी म्हटलं, फाईली? म्हणाला, "त्यापण येतात, काय करणार."

आणि तो कमी बोलणारा, सहीवाला, त्याची गोष्ट सांगायची राहिली. त्याला माणसांची गर्दी सोसत नाही हे जिन्यातल्या चहालाही दिसायचं. पण नकाशा दिला की तो वेगळाच व्हायचा. भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशात त्याने पेन्सिलीने स्वतः तालुक्यांच्या हद्दी काढल्या होत्या. आमच्या वाड्याच्या मिळकतपत्रिकेवरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळत नाही हे त्याने टेप धरून सिद्ध केलं, आणि आमच्या घरात आठवडाभर त्याच विषयावर जेवणं झाली.

यंदा तो राज्यसेवेच्या गुणवत्ता यादीत आला. यादी लागली की आयोग पसंतीक्रम भरायला सांगतो. किती पदं, त्यांतलं कोणतं आधी, कोणतं नंतर. हा फॉर्म भरायला म्हणे कोणाला वेळ लागत नाही, कारण क्रम पाठ असतो. उपजिल्हाधिकारी, डीवायएसपी, मग पुढचे. सगळे एकमेकांचं बघून तेच भरतात. त्याच्या गुणांना वरची दोन-तीन पदं मिळणार नव्हतीच, पण नायब तहसीलदार सहज मिळत होतं. त्याने त्याच्या वर भूमी अभिलेखचं उपअधीक्षक पद टाकलं. मोजणी, हद्दी, गावनकाशे, आणि उपग्रहाच्या मदतीने जमीन मोजणारी, आता सगळीकडे आलेली ती रोव्हरची मशिनं. माडीवर गदारोळ झाला. एकाने त्याला सरळ वेड्यात काढलं. भाऊजींना फोन लावला तर ते म्हणाले, "मोजणीवाल्यालाही शिव्या खाव्या लागतात, त्याला सांगा. दोन्ही बाजूंच्या. पण त्या बांधावर खातो, दालनात नाही." हे ऐकून त्याचा निश्चय आणखी पक्का झाला की काय कोण जाणे.

रात्री त्याच्या वडिलांचा फोन माझ्याच मोबाइलवर आला, कारण त्याने त्यांचा उचलला नव्हता. माणूस बिचारा घाबरलेला. गावात फ्लेक्सवाल्याला सांगून झालं होतं आणि आता पदाचं नाव काय टाकायचं हा प्रश्न होता.

"ताई, एक विचारू का," ते म्हणाले. "हे भूमी अभिलेख म्हणजे तलाठ्याच्या वरचं का खालचं?"

"वरचं," मी म्हटलं. "पुष्कळ वरचं."

"मग गाडी असेल ना?"

मी म्हटलं, गाडीचं मी भाऊजींना विचारून कळवते.